परदेशात उतरल्यावरची सरकारी नोंदणी : तुमचे अनुभव लिहा

व्हिसा मिळेपर्यंत सल्ले देणारे ढिगाने भेटतात. विमानातून उतरल्यावर तिथल्या सरकारदरबारी नाव घालावं लागतं, त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. विद्यार्थी असा, मुलांकडे गेलेले आईबाबा असा, नाहीतर परदेशी पाहुण्यांना घरी उतरवणारे असा. कुठे अडलं आणि कसं सुटलं, ते लिहा. एजंटांच्या जाहिराती नकोत.

आखन, जर्मनी
घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग' करायचं, म्हणजे पत्त्याची नोंद. त्याला घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. मेख इथेच आहे. आपली मुलं सुरुवातीला कुणाकडे तरी पोटभाड्याने राहतात, आणि असे लोक सही द्यायला का-कू करतात. मी खोली बघायला गेलो की भाड्याच्याही आधी विचारायचो, आनमेल्डुंग होईल ना? नाही म्हणाले की पुढची खोली. टॅक्स नंबर पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो, पुढे व्हिसा वाढवताना आनमेल्डुंगचाच दाखला मागतात. टपालपेटीवर आडनाव चिकटवायला विसरू नका, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना बघून सोबतचा एक जण दचकला होता. तो चर्चच्या करासाठी असतो. कॅथलिक लिहिलंत तर नोकरी लागल्यावर पगारातून कापतात. (वसईकरांनो, हे तुमच्यासाठी!)

न्यू जर्सी, अमेरिका
११ एप्रिल २०२५ पासून 'तीस दिवस किंवा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसांनी नोंदणी करायची' हा नियम कडक झाला, तेव्हा आईबाबा आमच्याकडेच होते. बाबांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत (हो, इथेही असतात) नुसता गोंधळ. एक काका बोटांचे ठसे द्यायला कुठे जायचं, ते विचारत होते. मुळात कायदा १९४० चा. रीतसर व्हिसावर आलेल्यांची विमानतळावर जी आय-९४ (देशात आल्याची) नोंद होते, तीच नोंदणी धरतात. वेगळा फॉर्म नाही. फक्त १८ वर्षांवरच्यांनी पुरावा जवळ बाळगायचा. सरकारी संकेतस्थळावरून प्रिंट काढली आणि आईच्या पर्समध्ये ठेवली, झालं. खरी धावपळ एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामागे आलेल्या मुलांची: वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की ३० दिवसांत नव्याने नोंदणी. हे मात्र त्या काकांच्या नातवालाच लागू होतं, आणि त्यांच्या घरात कुणाला पत्ताच नव्हता.

सेंदाई, जपान
जपानमध्ये राहण्याच्या परवान्याचं कार्ड नारिता विमानतळावरच हातात मिळालं. राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला जायचं, कार्डाच्या मागे पत्ता घालून देतात. आरोग्य विमाही तिथेच. कार्ड कायम खिशात हवं, तसा कायदाच आहे. मला काहीच त्रास झाला नाही, सॉरी!

चीनमध्ये एमबीबीएस
तिथे २४ तासांत पोलिसांकडे नोंद. वसतिगृहाची कॉलेजच करून द्यायचं, हॉटेलवालेही स्वतः करतात. पण सुट्टीत दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहायला गेलं की आधी तिथली पोलीस चौकी गाठायची. चौकीत इंग्रजी कुणाला येईलच असं नाही. मैत्रिणीलाच सोबत न्या.

मालवण, होमस्टे
आमचं उलट्या बाजूचं. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची नोंद ऑनलाइन करायची, 'फॉर्म ३' (पूर्वीचा 'सी फॉर्म') भरून, दोन खोल्यांचं घर असलं तरी. पुण्यात शिकणारी एक परदेशी मुलगी आली होती. तिचं म्हणणं, माझी नोंदणी पुण्यात झालीय. ती झाली, पण इथल्या मुक्कामाची नोंद आम्हीच करायची. फॉर्ममध्ये 'पुढे कुठे जाणार' असं विचारतात, आणि पाहुणे सुरमईचा काटा काढत सांगतात, अजून ठरलं नाही. मग गोवा लिहू का, असं विचारूनच लिहिते. आता पासपोर्ट-व्हिसाचे फोटो बुकिंगलाच मागवून घेते. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही.