निवडुंगाच्या कुंड्यांसाठी मिश्रण: कोकणातल्या दमट हवेत काय वापरावे?

सुपारीबाग (चिपळूण)

नमस्कार. गच्चीवर पारदर्शक पत्र्याखाली माझ्याकडे निवडुंगांच्या काही कुंड्या आहेत. त्यांत बहुतेक मॅमिलेरिया आणि अॅस्ट्रोफायटम आहेत, दोन लहान गोल्डन बॅरल आहेत आणि हिरव्या खुंटावर लाल गोळा असलेले एक कलमी रोप आहे. सगळी रोपे रोपवाटिकेतून आली तशीच कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुशात) आहेत. पाऊस थेट कुंड्यांवर पडत नसला, तरी जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की एकदा घातलेले पाणी आठवडा-आठवडा सुकत नाही.

मिश्रणाबद्दल वाचावे तितकी मते सापडतात. कोणी माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात घ्यायला सांगतात, तर कोणी मातीला हातही लावू नका म्हणतात. प्युमिस आणि पर्लाइट हे हलके, सच्छिद्र खडे बाहेरून मागवले, तर मालापेक्षा वाहतुकीचाच खर्च जास्त होतो. येथे जांभ्याच्या चिऱ्यांचे तुकडे, विटांचे तुकडे, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत सहज मिळते. एवढ्यावर भागेल का, प्रमाण काय ठेवावे आणि कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दगडफूल (पुणे)

आपल्याकडे उपलब्ध असलेल्या वस्तूंवर उत्तम भागेल. मुळात कोणता पदार्थ घ्यावा यापेक्षा त्याचा दाणा केवढा असावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पाणी निथळल्यानंतर दाण्यांच्या मधल्या जागेत हवा राहिली पाहिजे, कारण निवडुंगाची मुळे ओलाव्यापेक्षा हवेअभावी आधी कुजतात. म्हणून जे काही घ्याल ते चाळून घ्या. साधारण २ ते ५ मिलिमीटरचा दाणा ठेवा आणि त्याखालचा भुगा बागेतल्या इतर झाडांना द्या. क्रश सँडमध्ये दगडाची पूड फार असते आणि तीच दाण्यांमधल्या फटी बुजवते. त्यामुळे पाणी नितळ येईपर्यंत ती धुतल्याशिवाय वापरू नये. समुद्रकाठची वाळू मात्र क्षारांमुळे टाळलेलीच बरी.

जांभा सच्छिद्र असतो, थोडे पाणी धरतो आणि किंचित आम्लधर्मीही असतो, म्हणजे आपल्या कामाला अगदी योग्य आहे. मात्र सगळा जांभा सारखा नसतो. मूठभर तुकडे रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी चोळून पाहा. त्यांचा चिखल होत असेल, तर तो माल कुंडीत वर्षभरात मातीच होणार. विटांच्या बाबतीत पक्की भाजलेलीच घ्यावी. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, की ती चालेल. बद्द आवाज येणारी अर्धकच्ची वीट पाण्यात विरते.

चिपळूणला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात ७०० च्या आसपास. त्यामुळे माझे प्रमाण जसेच्या तसे आपल्याला लागू पडणार नाही. मी आपल्या जागी असतो, तर दहा भागांपैकी चार भाग जांभा किंवा वीट, तीन भाग धुतलेली जाड क्रश सँड, एक भाग लाकडी कोळशाचे बारीक तुकडे आणि दोनच भाग पूर्ण कुजलेले पाल्याचे खत घेतले असते, आणि घमेल्याला मूठभर निंबोळी पेंड मिसळली असती. तयार मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडताच ते सुटले पाहिजे. गोळा टिकून राहिला, तर खत किंवा भुगा जास्त झाला, असे समजावे.

तळाच्या खडीबद्दल मात्र माझे मत ठाम आहे: देऊ नये. बारीक दाण्यांत केशाकर्षणाने धरलेले पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजासहजी उतरत नाही. त्यामुळे कुंडीच्या तळाशी जो चिंब थर एरवीही राहतो, तो खडीमुळे नाहीसा होत नाही, तर वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवला की काम झाले.

संत्रानगरी (नागपूर)

वरील प्रमाण कोकणासाठी योग्यच आहे. पण विदर्भातल्या वाचकांनी ते जसेच्या तसे घेऊ नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि इतक्या भरड मिश्रणातली चार इंची मातीची कुंडी पाणी घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठणठणीत कोरडी होते. लहान रोपांची बारीक मुळे त्यात जळून जातात. मी खत तीन ते चार भागांपर्यंत वाढवतो, प्लास्टिकच्या कुंड्या वापरतो आणि वर हिरवी जाळी बांधतो. शेतातली काळी माती मात्र येथेही वापरत नाही, कारण ती भिजली की फुगते, सुकली की आकसते, आणि तिचे ढेकूळ कुंडीच्या कडेपासून सुटले, की घातलेले सगळे पाणी मुळांना न भेटता कडेने निघून जाते.

परसदार (बदलापूर)

दोन मुद्दे राहिले आहेत. पहिला कलमी रोपाचा. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो सर्वस्वी खालच्या खुंटावर जगतो, आणि तो खुंट बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला असतो. ती जंगलातली वेल असल्यामुळे तिला खडखडीत कोरडे मिश्रण मानवत नाही. त्या एका कुंडीत खत चार भाग ठेवावे. आपल्या घराघरांत ब्रह्मकमळ म्हणून जे रात्री फुलते, तेही मेक्सिकोकडचे, झाडांवर वाढणारे निवडुंगच आहे. त्यालाही असेच पालेदार मिश्रण लागते.

दुसरा मुद्दा कोकोपीटचा. ते भिजल्यावर पाणी लवकर सोडत नाही. नवे मिश्रण कितीही चांगले केले, तरी मुळांभोवती जुन्या कोकोपीटचा गड्डा तसाच राहिला, तर त्या मिश्रणाचा उपयोग होत नाही. कुंडी बदलताना तो काडीने हलक्या हाताने मोकळा करून काढावा. त्याच वेळी मुळांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतो का, तेही पाहावे.

सुपारीबाग (चिपळूण)

सर्वांचे मनापासून आभार. जांभा भिजवून पाहिला. घराच्या बांधकामातून उरलेल्या चिऱ्यांचे तुकडे टणक राहिले, पण डोंगरकडेचे तुकडे चोळताच लाल चिखल झाला. आता मृग जवळ आला आहे. कुंड्या लगेच बदलाव्यात, की पावसाळा संपेपर्यंत थांबावे?

दगडफूल (पुणे)

थांबावे. कुंडी बदलताना मुळे थोडीफार तुटतातच. त्या जखमा सुकण्यासाठी रोप कोरड्या मिश्रणात आठवडाभर बिनपाण्याचे ठेवावे लागते, आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत त्या नीट सुकत नाहीत. ऑक्टोबरचे ऊन पडल्यावर हे काम करा. तोवर कोकोपीटमधल्या कुंड्या उचलून वजन पाहत जा आणि कुंडी हलकी लागेपर्यंत पाणी घालू नका. दाणा चाळून, धुऊन आताच उन्हात वाळवून पोत्यांत भरून ठेवलात, तर ऐनवेळी खोळंबा होणार नाही.

याला अपवाद एकच. एखादे रोप बुडाशी मऊ लागले किंवा कुंडीत डुलू लागले, तर महिना न पाहता ते उपटा आणि धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून चकत्या कापत वर जा. कापलेल्या भागाच्या मध्यभागी जे कडे दिसते, त्यात तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापत राहा. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा, आणि उरलेला शेंडा पंख्याखाली सावलीत दोन आठवडे कोरडा ठेवून मगच नव्या मिश्रणावर बसवा.