ऋण × ऋण = धन, मग उत्तर -६ कसं?? अर्जंट

मनवा_११ : क्लासच्या उत्तरसूचीत -६ छापलंय, माझं ६ येतंय. ऋण गुणिले ऋण धनच ना? उद्या टेस्ट आहे, लवकर सांगा.

तात्या_विटा : गणित कुठाय? नुसत्या उत्तरावरून काय सांगणार?

सुहास७१ : एकच संख्या ऋण असेल. -२ × ३ = -६. चिन्ह नीट बघ.

मनवा_११ : चिन्ह बघितलंय. √-४ × √-९. अकरावी, कॉम्प्लेक्स नंबर. आत गुणाकार केला, √३६ = ६.

सुहास७१ : मग ६ बरोबर. √अ × √ब = √अब. गणितज्ञ ऑयलरनेसुद्धा १७७० च्या बीजगणितात √-१ × √-४ = २ लिहिलंय.

तात्या_विटा : ऑयलरने लिहिलं म्हणून मार्क मिळणार नाहीत. अ आणि ब दोन्ही ऋण असले की तो नियम चालत नाही. आधी आय (i, म्हणजे √-१) बाहेर काढ: २आय × ३आय = ६आय² = -६. आय² = -१ हा नियम इटलीच्या गणितज्ञ बोंबेल्लीने १५७२ मध्येच दिला होता.

केतकी_डोंबिवली : आयचा कितीही मोठा घात असू दे, ४ ने भागून बाकी बघायची. बाकी ० म्हणजे १, १ म्हणजे आय, २ म्हणजे -१, ३ म्हणजे -आय. टेस्टला नक्की येतं.

मनवा_११ : ते येतं मला. ऋण × ऋण चा नियम इथे मोडतो का, ते सांगा!!

तात्या_विटा : मोडत नाही, तो इथे लागतच नाही. -४ ऋण आहे, √-४ ऋण नाही. २आय धनही नाही, ऋणही नाही. संख्यारेषेवर -१ ने गुणणं म्हणजे अर्धा फेरा, आयने गुणणं म्हणजे पाव. १ पासून दोन पाव फेरे घेतलेस की -१ वर येतेस.

गणपुले_सर : ऋण गुणिले ऋण धन हे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच सांगितलंय. हल्ली क्लासवाले कारण सांगत नाहीत, नुसते नियम पाठ करून घेतात.

सुहास७१ : सर, तिला उद्या टेस्ट आहे.

मनवा_११ : मग √-४ × √९ = ६आय ना? की इथेपण काही वेगळं?

तात्या_विटा : ६आयच. एकच ऋण आहे, म्हणून आत गुणलंस तरी तेच येतं. भागाकारात मात्र जप. √४ ÷ √-१ आत भागलंस तर २आय येईल, खरं उत्तर -२आय.