नेते राज्यघटनेचा धुरा (बांध) कोरून राहिले का?

कपाशीवाला
गेल्या आठवड्यात पंचायत समितीत गेलो होतो. गावच्या शाळेचे टिनपत्रे गळतात, अर्ज देऊन दोन पावसाळे झाले. सभापतींच्या खोलीला कुलूप. दारावरची पाटी काढलेली, चार स्क्रूची भोकं तेवढी शिल्लक. खिडकीतून पाहिलं तर टेबलावर वाटपाचे फवारणी पंप रचलेले अन् भिंतीवर आजवरच्या सभापतींच्या नावांचा फळा. शेवटच्या नावापुढे "2022 पर्यंत". खाली कोरी जागा.

राज्यघटनेचं कलम 243-ई सांगते की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, अन् ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. आमचा जिल्हा त्यातलाच. तेव्हापासून प्रशासक.

टीव्हीवर आपण दिल्लीवरून भांडतो. पण घटना कोणी भर चौकात फाडत नाही. शेजारी तरी धुरा एका दिवसात कुठं फोडते? दरवर्षी वखरताना एक तास, म्हणजे एक सरी, आत घेते. दहा वर्षांनी धुऱ्यावरचं बोराचं झाड त्याच्या वावरात उभं दिसते.

तहसीलची_पायरी
भाऊ, अर्धीच गोष्ट सांगून राहिले तुम्ही. निवडणुका खटल्यानं अडल्या. अन् तो खटला आपल्याच वाशीमच्या याचिकेचा! 4 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ओबीसी आरक्षणाला आधी आयोग नेमा, आकडेवारी आणा, अन् एकूण आरक्षण 50 टक्क्यांवर नको. निकाल कोणालाच पचण्यासारखा नव्हता, तरी नागपूर, अकोला, वाशीममध्ये ओबीसींच्या त्या जागा रिकाम्या झाल्या अन् ऑक्टोबर 2021 मध्ये पोटनिवडणुकाही झाल्या. मर्यादा पाळणं म्हणजे आणखी काय असते?

अन् प्रशासकाचं म्हणाल तर माझ्या भावाच्या विहिरीचं अनुदान कोणाच्या पाया न पडता खात्यात आलं. सदस्य असताना आधी चहा, मग पाकीट.

कपाशीवाला
खटला होता, कबूल. पण खटल्याच्या आडून काय काय झालं तेही सांगा ना. मार्च 2022 मध्ये प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला. एकमतानं! कापसाच्या भावावर कधी पाहिलं असं एकमत? एका सरकारनं जिल्हा परिषदेच्या जागा वाढवल्या, दुसऱ्यानं येऊन कमी केल्या, त्यावर पुन्हा कोर्ट. मी कोण्या एका पक्षाचं नाव घेऊन नाही राहिलो. 6 मे 2025 ला कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका उरका म्हटलं. चार महिने गेले, मग 31 जानेवारी 2026 ही नवी तारीख मिळाली.

निवृत्त_मास्तर
मुदतीवरून आठवलं म्हणून लिहितो. आणीबाणीत 42व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेचीच मुदत पाचाची सहा वर्षं केली होती. 44वीनं ती पुन्हा पाचवर आणली. तुरुंगात टाकलेल्यांना दाद मागता येते, असं आपल्या नागपूर खंडपीठासह बऱ्याच उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 28 एप्रिल 1976 ला ते चार विरुद्ध एक असं उलटवलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. त्यापुढं आजचं काहीच नाही, असं माझं मत.

आणि 1977 ला देशभर काँग्रेस पडली तेव्हा विदर्भानं काय केलं? भरभरून काँग्रेसच निवडून दिली. मीही तेव्हा गायवासराला शिक्का मारला होता, लपवत नाही. नेत्याला मर्यादा विचारायच्या आधी ते आठवतं.

बचतगटवाली
पायरीभाऊ, तुमच्या भावाची विहीर झाली, आनंद आहे. पण जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायांच्या असतात. मार्च 2022 नंतरच्या साडेतीन वर्षांत आमची एकही बाई तिथं बसली नाही, याचा हिशेब कोण देणार? प्रशासक साहेब तेवढ्यात तीनदा बदलले. एकाला गाव कळेपर्यंत दुसरा हजर.

कपाशीवाले भाऊ, तुम्हीही फार हळवे होऊ नका. खोली उघडी होती तेव्हा खुर्चीवर बाईचा नवराच बसायचा.

मोहफूल
मी गडचिरोलीकडचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं, केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. कायदा झालेला, हक्क दिलेला, अडलं होतं एका पुस्तकावर. ते गाव रेटत राहिलं म्हणून मिळालं. आम्ही नुसते इथं टाइप करून राहिलो, मी धरून.

तहसीलची_पायरी
तेच तर म्हणतो मी. बोर कोणाच्या वावरात आहे, हे भांडून ठरत नाही बाप्पा, मोजणी आणावी लागते. कोर्ट म्हणजे मोजणीच. उशिरा येते, पण येते ना?

कपाशीवाला
येते. तोवर बोरं कोण खाते?

बचतगटवाली
ते राहू द्या, शाळेच्या पत्र्यांचं काय झालं?

कपाशीवाला
प्रशासक साहेबच ठराव घेतात, साहेबच मंजुरी देतात. अर्ज कुठं अडला विचारलं तर बाबूनं आवक नोंदवही उघडून बोट ठेवलं. म्हणे, आहे ना तुमचा नंबर.