जुन्या शिडाच्या होडीवरचा वेगमापक काढून टाकावा का?

डोलकाठी:
माझी होडी १९८४ साली बांधलेली, फायबरग्लासची, ९ मीटर लांब. खोली आणि वेग दाखवणारी दोन्ही उपकरणं तिच्याच वयाची. खोलीमापकाचा पडदा उन्हाने इतका काळवंडलाय की दुपारी हाताची सावली धरून आकडा वाचावा लागतो. तोही फुटांत, आणि नकाशा मीटरमध्ये. वेगमापकाचं पॅडलव्हील, म्हणजे तळाच्या भोकातून पाण्यात फिरणारं छोटं चक्र, दोन आठवडे होडी उभी राहिली की शेवाळाने गच्च होतं.

माझं मत: खोलीमापक नवा घ्यावा. वेगमापक कायमचा काढून त्याचं भोक बुजवावं. अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये बंद केली, आणि आता साधा फोनही चांगला वेग दाखवतो. मग पाण्याखाली एक जादा भोक कशाला बाळगायचं? होडी सध्या बाहेर काढली आहे, म्हणून आत्ताच ठरवायचंय. पटत नसेल तर कारण सांगा.

उधाण:
अजिबात पटलं नाही. जीपीएस सांगतो तो जमिनीच्या मानाने वेग. पॅडलव्हील सांगतं तो पाण्यातून जाण्याचा वेग. शिडं चालतात ती पाण्यातल्या वेगावर.

समजा होडी पाण्यातून ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) चालली आहे आणि समोरून २ नॉटचा प्रवाह आहे. जीपीएसवर ३ दिसतील. तुम्ही शीड जरा ताणलंत आणि नेमका त्याच वेळी प्रवाह १ नॉटवर आला. जीपीएस ४ दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल, शीड मात्र आधीपेक्षा वाईट लागलेलं असू शकतं. दोन्ही आकडे शेजारी असले तर प्रवाह किती आणि कुठल्या बाजूचा, याचा अंदाज बसल्या जागी येतो. खऱ्या वाऱ्याचा (होडीच्या चालीमुळे जाणवणारा वगळून) हिशोबही पाण्यातल्या वेगावरच होतो. हे सगळं एका भोकाच्या भीतीने सोडायचं?

कोरडा_बिल्ज:
माझं मत डोलकाठी यांच्या बाजूने. पॅडलव्हील साफ करायला बाहेर ओढलं की आत येणारा पाण्याचा झोत ज्याने पाहिलाय त्याला ही भीती खोटी वाटणार नाही. माझ्या होडीत पॅडलव्हीलच्या जागी घालायचं बूच हातातून निसटून फळीखाली गेलं. ते सापडेपर्यंत तळहाताने भोक दाबून बसलो होतो. तेव्हापासून मी बूच दोरीने बांधून ठेवतो. पॅडलव्हील ज्या नळीत बसतं, ती झडप असलेली नवी घरं येतात, पण तीही पाणी पूर्ण थांबवत नाहीत, फक्त कमी करतात.

शिवाय तो आकडा खरा तरी किती? सेन्सर कीलच्या (तळाखालच्या उभ्या पात्याच्या) एका बाजूला असेल तर होडी उजव्या कुशीवर कलली की एक वेग, डाव्या कुशीवर दुसरा. आणि खोलीसाठीही भोक लागत नाही. भरीव फायबरग्लास असेल तर ट्रान्सड्यूसर (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा सेन्सर) आतूनच चिकटवता येतो. खाली हवेचा बुडबुडा तेवढा राहता कामा नये. दोन्ही भोकं बुजवा. बुजवताना कडा दोन्ही बाजूंनी जाडीच्या बारापट लांब उतारात घासा, नुसतं गच्च भरू नका.

उधाण:
कुशीनुसार फरक पडतो, हे मान्य. पण बहुतेक ठिकाणी मापकाचं अंशांकनच (खऱ्या वेगाशी आकडा जुळवणं) केलेलं नसतं. एकच अंतर इंजिनावर जाऊन-येऊन कापा, आणि सरासरी वेगांची काढा, वेळांची नाही. वरच्याच उदाहरणात (जाताना ३ नॉट, येताना ७) १ सागरी मैल जायला २० मिनिटं, यायला साडेआठ. वेळांची सरासरी धरली तर वेग ४.२ निघतो, वेगांची धरली तर बरोबर ५. एवढी एक चूक करून लोक वर्षानुवर्षं पॅडलव्हीलला दोष देतात.

तळठाव:
वेगाचा आकडा चुकला तर पोचायला उशीर होतो. खोलीचा चुकला तर कील रुतते, आणि त्याबद्दल इथे दोनच वाक्यं आली आहेत!

नवा मापक बसवल्यावर मी स्वतः रुतलोय. माझा सेन्सर पाण्याखाली ०.४ मीटरवर, कीलचं टोक १.६ मीटरवर. कीलखालचं पाणी दिसायला हवं असेल तर १.२ वजा करायचे. मी ते अधिक केले. सेन्सरखाली २ मीटर पाणी असताना पडद्यावर ३.२ दिसत होते, प्रत्यक्षात कीलखाली फक्त ०.८. म्हणून उपकरण लावलं की शांत पाण्यात वजन बांधलेली दोरी सोडून मोजा, मगच आकड्यावर विश्वास ठेवा. होडीवर येणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा कुठून मोजलेला आहे ते सांगून ठेवा.

आतून चिकटवण्याबद्दल: आवाज फायबरग्लासमधून जाताना आणि येताना क्षीण होतो. उथळ पाण्यात चालून जाईल. पण सँडविच बांधणीच्या (दोन थरांमध्ये हलका गाभा असलेल्या) तळात, लाकडात किंवा पोलादात चालणार नाही. तुमचा तळ त्या जागी भरीव आहे का, ते आधी बघा.

माझी सूचना: वेगमापकाच्याच भोकात खोली, वेग आणि तापमान एकत्र मोजणारा सेन्सर बसवा. एअरमारचा डीएसटी८१० हा असाच आहे, ५१ मिलिमीटरच्या भोकासाठी. मग खोलीचं जुनं भोक बुजवता येईल. केबल लांब आहे म्हणून कापू नका, गुंडाळी करून ठेवा. सेन्सरला अँटिफाउलिंग (शेवाळ धरू न देणारा रंग) लावायचं तर पाण्यावर आधारितच, द्रावकवाला रंग प्लास्टिक खातो.

कोरडा_बिल्ज:
म्हणजे एक सेन्सर बिघडला की खोली आणि वेग दोन्ही एकदम गेले. आत्ता निदान एक तरी उरतो. शिवाय पाण्यात असताना शेवाळ काढायला तो ओढला की तेवढा वेळ खोलीही दिसत नाही. मला हे मान्य नाही.

डोलकाठी:
उधाण यांचं शीड ताणण्याचं उदाहरण मनाला लागलं. मी बरीच वर्षं नेमकं तेच करत आलोय आणि श्रेय शिडाला देत आलोय. वेगमापक काढणार नाही. खोलीचं भोक बुजवून एकत्रित सेन्सर घेईन. बिल्ज यांच्या शंकेसाठी खुणांची दोरी आणि शिसाचं वजन कायम कॉकपिटमध्ये ठेवीन, बूचही दोरीने बांधीन.

जुनं घर ५१ मिलिमीटरचं आहे की नाही ते उद्या मोजतो. नसेल तर भोक मोठं करावं लागेल, आणि तळाचा तेवढा भाग भरीव आहे की सँडविच ते तेव्हाच कळेल. आत गाभा निघाला तर भोकाच्या कडा इपॉक्सीने किती खोलवर बंद करायच्या, हे कुणी स्वतः केलं असेल तर लिहा.