भाऊबीजेची ओवाळणी बहिणीला की तिच्या स्वयंपाकघराला?

महालकर: परवा आपल्या नागपुरात बर्डीवर भांड्यांच्या दुकानात उभा होतो. माझ्यापुढच्या तिघांनी भाऊबीजेसाठी कुकरच बांधून घेतला. मीही आजवर हेच केलं. यंदा ताईकडे गेलो तर दोन वर्षांपूर्वीचं इडलीपात्र माळ्यावर खोक्यातच होतं, मी चिकटवलेल्या सोनेरी पट्टीसकट. कुकर घराची गरज आहे, ती घरानं भागवावी. ओवाळणी तिच्या एकटीची हवी, असं माझं ठाम मत आहे.

इतवारीची सून: भाऊ, नाही पटलं. वडाभाताची डाळ वाटताना जुना मिक्सर तीनदा बंद पडायचा, मग मी पाट्यावर बसायची. मनगट सुजायचं. भावानं ते पाहिलं आणि दणकट मिक्सर आणला. आराम कोणाला मिळाला? मलाच न! तुमच्या ताईनं इडलीपात्र मागितलं होतं का, ते सांगा.

महालकर: नव्हतं मागितलं. मीही कधी विचारलं नाही.

धंतोलीकर: एवढा खल कशाला? पाकिटात २,००० रुपये घाला, हवं ते घेईल ती.

गोकुळपेठची ताई: दादा, माझं पाकीट दरवर्षी पोरांच्या ट्यूशनला जातं. घरात पैसा आला की आधी घराचंच काम निघतं. एकदा भाऊ मला गांधीबागेत घेऊन गेला आणि साडी निवडेपर्यंत दोन तास शांत बसला. ती साडी मी अजून जपून नेसते.

विणकराची लेक: साडीच द्यायची तर आपल्या विदर्भाची करवतकाठी टसर पाहा. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांचं हे रेशीम. काठाचे करवतीसारखे दाते अंगाच्या धाग्यात गुंतवून विणावे लागतात, त्यासाठी मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात. घेताना काठ उलटा करून बघा. दाते नुसते छापलेले असतील तर मागच्या बाजूला रंग फिका दिसतो. आमच्या बाबांचा अख्खा दिवस त्या काठावर जायचा, म्हणून छापील साडी करवतकाठी म्हणून विकलेली पाहिली की जीव तुटतो.

धंतोलीकर: पण ती रोज नेसता येत नाही, कपाटातच राहते. पाकीट निदान वापरात येतं.

महालकर: काल ताईला फोन करून सरळ विचारलं. आधी "काही नको रे" म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला गाडी शिकायची आहे. आईला दवाखान्यात न्यायचं तर दरवेळी ह्यांची सुट्टी पाहावी लागते." चाळिशी उलटली तिची, आणि मला हे आत्ता कळतंय. क्लासची फी मी भरतोय. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनीच पक्क्याची परीक्षा देता येते, म्हणून अर्ज दिवाळीआधीच करू.

इतवारीची सून: हे छान केलंत भाऊ. फक्त सकाळी ती क्लासला गेल्यावर डबे कोण भरणार, तेवढं भाऊजींशी आताच बोलून घ्या. नाहीतर चौथ्या दिवशी क्लास बुडेल.

महालकर: आज रात्रीच बोलतो.