शेडनेटमधील मिरची, वांगी आणि जास्वंदीवर नेमकी कोणती कीड आहे?

प्रश्न (कुडाळ)

नमस्कार. कुडाळजवळ आमची १० गुंठ्यांची शेडनेटमधील रोपवाटिका असून तीत मिरची व वांग्याची रोपे, जास्वंद आणि आंब्याची कलमे आहेत. पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन सुरू झाल्यापासून मिरचीचे शेंडे आकसले आहेत, वांग्याच्या पानांवर बारीक फिकट ठिपके पडले आहेत आणि जास्वंदीच्या पेरांत कापसासारखे पुंजके दिसतात. एका बाजूच्या कलमांवर काजळीही धरली आहे. औषधांच्या दुकानात ही लक्षणे सांगितल्यावर या सर्वांवर मिळून एकच कीटकनाशक मिळाले. ते दोनदा फवारले. वांग्याची पाने मात्र त्यानंतर अधिकच पांढुरकी झाली. मिरचीच्या पानांवर पांढरे कण आढळतात, म्हणून ही पांढरी माशी असावी असे मला वाटते. ओळख कशी पटवावी?

उत्तर (दापोली)

तिसरी फवारणी करण्यापूर्वी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक पांढरा कागद घ्यावा, ही कळकळीची विनंती. आपण सांगितलेली लक्षणे एका किडीची नाहीत.

वांग्याचा शेंडा कागदावर झटकावा. भुकटीएवढे ठिपके सावकाश चालू लागले आणि भिंगातून त्यांना आठ पाय दिसले, तर तो पिकाचा रस शोषणारा सूक्ष्म कोळी (माइट) होय, घरात जाळे विणणारा कोळी नव्हे. कोळी हा कीटक नाही. त्यामुळे बहुतेक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो अधिकच फोफावतो. आपल्या वांग्याची पाने फवारणीनंतर बिघडली, ती बहुधा याच कारणाने. उष्ण, कोरड्या हवेत त्याची एक पिढी सुमारे आठवड्याभरात पूर्ण होते. पानाखाली बारीक जाळी दिसू लागली, तर प्रादुर्भाव वाढलेला आहे असे समजावे. त्यासाठी कोळीनाशकच लागते. पाण्यात मिसळणारे गंधक वापरायचे झाल्यास भर दुपारी फवारू नये, पाने करपतात.

मिरचीच्या चुरडा-मुरड्यात, म्हणजे पाने आकसून वळण्याच्या विकृतीत, पान कोणत्या दिशेला वळले आहे ते पाहावे. कडा वर वळून पान द्रोणासारखे झाले असेल, तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. त्यांनी खरवडलेल्या जागी चंदेरी चट्टे आणि विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. कडा खाली वळून पान पालथ्या होडीसारखे झाले आणि देठ लांबले, तर तो पिवळा कोळी, जो नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पाने जाड व पिवळी पडून झाड खुजे राहिले, तर विषाणूजन्य रोगाचा विचार करावा लागेल. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो.

पांढऱ्या कणांविषयी घाई करू नये. रोप हलवल्यावर ते उडाले तरच ती पांढरी माशी. जागचे हलले नाहीत आणि बोटाने सहज झटकले गेले, तर त्या माव्याने टाकलेल्या कातीही असू शकतात. अशा वेळी वरच्या कोवळ्या पानांमागे हिरवा किंवा काळा मावा शोधावा. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी व पंख फुटलेला मावा यांसाठी आणि निळे फुलकिड्यांसाठी उपयोगी पडतात. कोळ्याला पंख नसल्याने सापळा कोरा राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये.

उत्तर (देवगड)

जास्वंदीवरील पुंजके पिठ्या ढेकणाचे दिसतात. मात्र पुसून काढण्यापूर्वी त्यांत हात लावताच भराभर पळणारी, मोठी आणि लांब मेणचट झालरीची अळी आहे का ते पाहावे. ती क्रिप्टोलेमस या भुंग्याची अळी असून पिठ्या ढेकूण हेच तिचे अन्न आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा भुंगा १८९८ साली भारतात आणला गेला. आमच्याकडे कामगारांनी अशा अळ्या कीड समजून चिरडल्याचे मला फार उशिरा कळले, आणि त्याची रुखरुख अजून आहे. मुंग्यांची वाटही तोडावी, कारण पिठ्या ढेकणाच्या चिकट स्रावासाठी त्या त्याच्या अशा शत्रूंना हुसकावून लावतात.

उत्तर (गुहागर)

कलमांच्या त्या बाजूला माड आहे का? असल्यास काजळीचे मूळ कलमांवर नसेल, वर असेल. २०१६ साली तमिळनाडूतील पोल्लाची भागात भारतात प्रथम आढळलेली चक्राकार पांढरी माशी झावळ्यांच्या खालच्या बाजूस मेणाच्या गोल गोल रेघांत अंडी घालते. तिचा चिकट स्राव खालच्या झाडांवर गळतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ही बुरशी पानात शिरत नाही. ओल्या फडक्याने पुसून निघते.

प्रश्नकर्ता (कुडाळ)

आपणा सर्वांचा ऋणी आहे. आज सकाळी भिंग घेऊन बसलो. वांग्याच्या पानाखाली आठ पायांचे कोळी आणि जाळी, दोन्ही आढळले. मिरचीची पाने खालीच वळली आहेत आणि पांढरे कण एकदाही उडाले नाहीत. काजळीच्या बाजूला कुंपणाबाहेर दोन माड आहेत. त्यांच्या झावळीमागे तशाच गोल रेघा दिसल्या. जास्वंदीवर पळणाऱ्या तीन अळ्या मिळाल्या, म्हणून ती झाडे सध्या फवारणीतून वगळली आहेत. कोळीनाशक वांगी व मिरचीपुरतेच, संध्याकाळी, पानाच्या मागच्या बाजूने मारणार आहे. पाच दिवसांनी त्याच रोपांचे शेंडे पुन्हा कागदावर झटकून येथे कळवतो.