मदत हवी आहे : मॉडेल विमानाचं पेट्रोल इंजिन चालू केलं की सर्वो थरथरतात

नन्नजचा_माळढोक : रिमोटवर उडणाऱ्या विमानाला ३० सीसीचं इंजिन बसवलंय. बंद असताना सगळं ओके. चालू केलं की सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरतात, एलेव्हेटर, म्हणजे शेपटीची झडप, तर आपल्याच मनाने वर-खाली. थ्रॉटल वाढवला की जास्तच. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर बदलून पाहिला, तेच. रविवारी उडवायचंय, पटकन सांगा. 'मॅन्युअल वाचा' नको.

बाळीवेस : रिमोटचा सेट ७२ मेगाहर्ट्झचा की २.४ गिगाचा? बॅटऱ्या किती? पत्रिका न दाखवता लग्न जमवायला सांगतोयस.

लायपोभक्त : इलेक्ट्रिक घे बे. ना वास, ना कटकट.

बाळीवेस : प्रश्न काय, उत्तर काय!

नन्नजचा_माळढोक : ७२ चा एफएम. बॅटरी एकच, वाय हार्नेसने (एकीच्या दोन वायरी करून) इग्निशनला, म्हणजे ठिणगीच्या सर्किटला, पण तीच. वजन वाचतं.

जुना_पायलट : मग बरोबर आहे! प्लगला हजारो व्होल्ट जातात, प्रत्येक ठिणगी म्हणजे छोटा ट्रान्समीटरच. त्यात तू तारेनेही दोन्ही जोडलेस. इग्निशनला वेगळी बॅटरी, वेगळा स्विच. हे सगळं इंजिनाजवळ ठेव, रिसीव्हर किमान फूटभर लांब. प्लगच्या वायरवर धातूची जाळी आहे ना? कॅप प्लगच्या षटकोनी भागावर घट्ट बसली पाहिजे. बोटाने फिरत असेल तर जाळीला अर्थिंग मिळत नाही. प्लगच्या नंबरात 'आर' आहे का तेही बघ. एनजीकेमध्ये आर म्हणजे रेझिस्टरवाला.

टू_पॉइंट_फोर : एवढं कशाला? २.४ चा सेट घे, प्रश्न मिटला.

जुना_पायलट : त्रास कमी होतो, मान्य. पण बॅटरी एकच ठेवली तर तारेतून येणारा नॉइज (ठिणगीचा विजेचा गोंधळ) तिथेही येणार.

होटगी_रोड : उडवणार कुठे? आमच्याकडे नको, सोलापूर विमानतळावरून विमानसेवा सुरू झालीय.

लायपोभक्त : विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली त्याचं काय झालं शेवटी?

बाळीवेस : २०२३ ची चिमणी इथे कशाला? वेगळा धागा काढा.

नन्नजचा_माळढोक : वेगळी बॅटरी लावली. आयडलला शांत. फुल थ्रॉटलला एलेव्हेटर अजून किंचित हलतंय. कॅप घट्ट आहे, प्लग आरवाला आहे.

जुना_पायलट : थ्रॉटलला सर्वोशी जोडणारा रॉड कशाचा?

नन्नजचा_माळढोक : स्टीलचा. सगळे तोच लावतात की.

जुना_पायलट : इंजिनाचा नॉइज थेट सर्वोपर्यंत नेणारी अँटेनाच ती. नायलॉनचा लाव.

टू_पॉइंट_फोर : कार्बनचा लाव, हलका असतो.

जुना_पायलट : कार्बनमधूनही वीज जाते हो! नायलॉन नाही मिळाला तर सरळ बांबूची काडी चालेल. मग रेंज चेक, म्हणजे किती लांबून कंट्रोल नीट चालतो ते. ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) अँटेना पूर्ण आत सरकवून आधी इंजिन बंद ठेवून अंतर बघ, मग कुणालातरी विमान मागून घट्ट धरायला सांगून आयडल आणि फुल, दोन्हीवर. अंतर नजरेत भरण्याइतकं घटलं तर उडवू नकोस.

नन्नजचा_माळढोक : म्हणजे रविवार गेला.

लायपोभक्त : इलेक्ट्रिक असतं तर…